धूर आणि सहप्रवासी

हिंदुस्थानातील लोहमार्गाचा इतिहास लिहिणारे बहुधा १६ एप्रिल १८५३ या दिवसापासून आरंभ करतात. त्या दिवशी बोरीबंदराहून निघालेली गाडी सुमारे चारशे पाहुण्यांना घेऊन ठाण्याला पोहोचली. परंतु या लोहमार्गाच्या कल्पनेचा उगम त्याच्याही दहा वर्षे आधीचा, आणि तो भांडुपातला आहे, ही गोष्ट भांडुपकरांपैकीही थोड्यांच्याच ध्यानात असते. मुंबई सरकारचे मुख्य अभियंता जॉर्ज क्लार्क हे १८४३ साली भांडुपला आले असता मुंबई, ठाणे, कल्याण व पुढे थळ आणि भोर हे घाट लोहमार्गाने जोडावेत, हा विचार त्यांच्या मनात प्रथम आला, अशी नोंद आहे. त्या काळचे भांडुप म्हणजे साष्टी बेटावरील एक खेडे. त्याची ख्याती होती ती रम गाळण्याच्या भट्टीसाठी. ल्यूक ॲशबर्नर नावाच्या इंग्रज गृहस्थाकडे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हे गाव होते, आणि १८१७ साली ते कावसजी माणकजी या पारशी गृहस्थांच्या हाती गेले. येथील रम सरकारी गरजेसाठी पुरविली जाई. म्हणजे एका व्यसनाच्या कारखान्याशेजारी आगगाडीची कल्पना जन्मली, असे कोणी गमतीने म्हटले तर त्याला आमची हरकत नाही.

या लेखाचा विषय मात्र दुसरे व्यसन आहे, आणि त्याचा आगगाडीशी असलेला संबंध गमतीचा नाही. बैलगाडीत, गावच्या पारावर किंवा शेताच्या बांधावर चिलीम ओढणाऱ्याचा धूर वाऱ्यावर जात असे. ज्याला तो नकोसा होई, तो दोन पावले सरकून बसे. आगगाडीच्या डब्याने ही सोय काढून घेतली. एकमेकांना न ओळखणारी, जातीने, धर्माने, सवयींनी भिन्न असणारी माणसे एका बंद पेटीत तासन्‌तास एकत्र बसू लागली. सरकायला जागा नाही, मध्येच उतरता येत नाही. अशा स्थितीत एकाने पेटविलेल्या विडीचा धूर हा सर्वांचा धूर झाला. सरकारलाही याची दखल घ्यावी लागली. १८९० च्या भारतीय रेल्वे कायद्यात ११० वे कलम आले ते असे, की धूम्रपानासाठी खास राखलेला डबा सोडून अन्य डब्यात सहप्रवाशांच्या संमतीवाचून कोणी धूम्रपान केल्यास त्याला वीस रुपयांपर्यंत दंड व्हावा. त्या काळी वीस रुपये ही लहान रक्कम नव्हती.

आज मोटार चालविताना धूम्रपान करण्यास बंदी असावी काय, हा प्रश्न अनेक देशांत विचारला जात आहे व काही ठिकाणी त्याला कायद्याने उत्तरही मिळाले आहे. आपल्याकडे हा प्रश्न निघाला की दोन पक्ष तत्काळ उभे राहतात. एक म्हणतो, व्यसन वाईट तर ते सर्वत्र बंद करा. दुसरा म्हणतो, माझी गाडी, माझे फुप्फुस, तुम्ही मध्ये बोलणारे कोण? आम्हाला या दोहोंपेक्षा त्या जुन्या कलमातील 'सहप्रवाशांची संमती' हे शब्द अधिक विचार करायला लावतात.

तंबाखू आपल्या भूमीची नव्हे. अमेरिका खंडातून ती पोर्तुगिजांनी आणली. ज्या गलबतांतून गोव्यात, वसईत आणि साष्टीत मिशनरी उतरले, त्याच गलबतांतून बटाटा, अननस, काजू आणि तंबाखू उतरली. 'तंबाखू' हा शब्दही, 'पाव' आणि 'चावी' यांच्याप्रमाणे, त्यांच्याच भाषेतून आपल्याकडे आला. पुढे तर पोर्तुगीज राजसत्तेने तंबाखूच्या व्यापाराची मक्तेदारी स्वतःकडे घेतली आणि लिस्बनमध्ये १६७४ साली तिच्या कारभारासाठी स्वतंत्र मंडळ स्थापले. ब्राझीलमधील बाहियाची तंबाखू गोव्यापर्यंत येऊ लागली. व्यसनातून महसूल आणि महसुलापायी व्यसनाकडे डोळेझाक, ही साखळी तेव्हापासूनची आहे. राज्यकर्ते बदलले, साखळी तुटली नाही.

दख्खनमधून तंबाखू उत्तरेत कशी गेली याची हकीकत असद बेग या मोगल वकिलाने लिहून ठेवली आहे. अकबराने त्याला विजापूरच्या दरबारी पाठविले होते. तेथे त्याला तंबाखू दिसली. त्याने ती, रत्नजडित नळीसह, बादशहापुढे १६०४-०५ च्या सुमारास ठेवली. अकबराने दोन-चार झुरके घेतले. तेव्हा त्याच्या हकिमाने आक्षेप घेतला, की ही वस्तू आपल्या वैद्यकग्रंथांत नाही, तिचे गुणदोष आपल्याला ठाऊक नाहीत, तेव्हा बादशहाने तिचा प्रयोग स्वतःवर करू नये. असद बेगने उलट युक्तिवाद केला, की फिरंग्यांत विद्वानांची वाण नाही, त्यांनी पारखूनच ती स्वीकारली असणार. बादशहालाही हे पटले: आपल्या ग्रंथात नाही म्हणून परक्यांची वस्तू नाकारली तर प्रगती कशी व्हायची? वाद मिटेना तेव्हा एका पाद्र्याला पाचारण करण्यात आले, आणि त्याने तंबाखूचे पुष्कळ गुण वर्णन केले. हकीम अखेरपर्यंत बधला नाही. मोकळ्या मनाचा बादशहा, वाक्चतुर वकील आणि विद्वान धर्मगुरू हे तिघेही एका बाजूला, आणि तरी हेका धरून बसलेला तो एकटा हकीमच बरोबर होता! अकबराने स्वतः सवय लावून घेतली नाही. सरदारांनी मात्र लावून घेतली. अवघ्या बारा वर्षांनी, १६१७ मध्ये, जहांगीराला तंबाखूबंदीचे फर्मान काढावे लागले. त्याचा परिणाम काय झाला, हे गावोगावच्या गुडगुड्यांनी सांगितलेच आहे.

ख्रिस्तसभेच्या इतिहासातही या विषयाचे एक प्रकरण आहे, आणि ते बहुधा चुकीचे सांगितले जाते. 'पोपने तंबाखू ओढणाऱ्यांना धर्मबहिष्कृत केले होते' असे विधान पुष्कळदा वाचनात येते. वस्तुस्थिती अधिक मर्यादित, आणि आमच्या मते अधिक बोधक आहे. पेरू देशातील लिमा येथे १५८३ साली भरलेल्या धर्मपरिषदेने धर्मगुरूंना मिस्साबलिदानापूर्वी तंबाखू सेवनास मनाई केली. पुढे स्पेनमधील सेव्हिल येथे तपकीर आणि तंबाखूचा अतिरेक झाला. वेदीवरील वस्त्रे डागाळू लागली, उपासनेच्या वेळी थुंकणे व शिंकणे चालू राही. तेथील धर्माधिकाऱ्यांनीच तक्रार केल्यावर पोप आठवे अर्बन यांनी ३० जानेवारी १६४२ रोजी आज्ञापत्र काढले. ते सेव्हिल धर्मप्रांतातील मंदिरांपुरते व त्यांच्या आवारापुरते होते. पोप दहावे इनोसंट यांनी १६५० मध्ये रोमच्या संत पेत्राच्या महामंदिरासाठी तशीच आज्ञा केली. १७२५ साली पोप तेरावे बेनेडिक्ट यांनी ती मागे घेतली, कारण तपकिरीच्या तलफेने माणसे उपासना सोडून वारंवार बाहेर जाऊ लागली होती. ते स्वतःही तपकीर ओढीत.

या साऱ्या आज्ञांत तंबाखू हे स्वतः पाप आहे असे कोठेही म्हटलेले नाही. मनाई होती ती एका जागेपुरती, जेथे एकाच्या सवयीने अनेकांच्या उपासनेत विघ्न येते. १८९० च्या रेल्वे कायद्यामागे हीच दृष्टी होती, असे आम्हाला दिसते. दोन्हीकडे न्याय मागितला गेला तो शेजारी बसलेल्या माणसासाठी. अर्थात सतराव्या शतकात पोपमहोदयांना किंवा एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या साहेबांना धुराने शेजाऱ्याचे आरोग्य बिघडते हे माहीत नव्हते. त्यांना दिसत होती ती केवळ गैरसोय. गैरसोयीपलीकडचे सत्य उमगायला वैद्यकशास्त्राला बराच काळ लागला.

त्या शोधातील एक महत्त्वाचे पाऊल भांडुपहून लोकलने जाता येईल इतक्या जवळ पडले. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. तोंडाचा व घशाचा कर्करोग आपल्या देशात एवढा का, आणि निरनिराळ्या समाजांत त्याचे प्रमाण निरनिराळे का, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. संघवी, राव आणि खानोलकर यांचा निबंध १९५५ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. तंबाखू चघळणाऱ्यांत तोंडाचा आणि ओढणाऱ्यांत घशाचा कर्करोग अधिक आढळतो, हे त्यात रुग्णांच्या माहितीवरून दाखविले होते. त्याआधी पाच वर्षे, १९५० मध्ये, इंग्लंडात डॉल आणि हिल यांनी सिगारेट व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध त्याच नियतकालिकात मांडला होता. डॉल आणि हिल यांची नावे जगभर झाली. खानोलकरांचे नाव त्यांच्याच मुंबईत कितीजण सांगू शकतील?

आपल्या देशातील धूम्रपानाची किंमत किती, याचा मोठ्या प्रमाणावरील हिशेब २००८ साली प्रसिद्ध झाला. प्रभात झा व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे अकरा लाख घरांची पाहणी करून मृत्यूंची कारणे तपासली. विडी ओढणारा पुरुष सरासरी सहा वर्षांचे आयुष्य गमावतो आणि सिगारेट ओढणारा दहा वर्षांचे, असा त्यांचा निष्कर्ष होता. २०१० नंतरच्या दशकात धूम्रपानामुळे देशात दरवर्षी सुमारे दहा लाख मृत्यू होतील, असा अंदाजही त्यांनी वर्तविला. विडी म्हणजे पान आणि चिमूटभर तंबाखू, तिच्यात सिगारेटसारखे विष कोठले, असा समज आपल्या वाड्यावस्त्यांत खोल रुजलेला होता. कायद्यानेही तो जणू मान्य केला होता, कारण १९७५ च्या कायद्याने सिगारेटच्या पाकिटावर धोक्याची सूचना सक्तीची केली, पण विडीला तिच्यातून वगळले. गरिबाचे व्यसन गरिबाला समजून सांगण्याची निकड सरकारला भासली नाही, याहून दुसरे अनुमान आम्हाला काढता येत नाही. क्षयरोगाच्या बाबतीतही हेच. भारतात क्षयाने मरणाऱ्या पुरुषांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या मृत्यूला धूम्रपान कारणीभूत असल्याचे २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या चेन्नईच्या अभ्यासात आढळले. दाटीवाटीच्या चाळीत राहणाऱ्यांना क्षय म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही.

भांडुपच्या परिसरासाठी याला आणखी एक पदर आहे. लालबहादूर शास्त्री मार्गावर, म्हणजे जुन्या आग्रा रोडवर, भांडुपपासून घाटकोपरपर्यंत विसाव्या शतकात कारखान्यांची रांग उभी राहिली. भांडुपला सिएटचे टायर आणि एशियन पेंट्सचे रंग तयार होत. घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडोमध्ये मोटारींच्या ब्रेकचे लायनिंग बने व त्यात ॲस्बेस्टॉस वापरला जाई. मुलुंडला ॲस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे होत. अमेरिकेत सेलिकॉफ आणि हॅमंड यांनी ॲस्बेस्टॉस कामगारांचा अभ्यास करून १९७९ मध्ये दाखविले, की नुसत्या ॲस्बेस्टॉसने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे पाचपट होतो, नुसत्या धूम्रपानाने दहापटीहून अधिक, आणि दोन्ही एकत्र आले तर पन्नासपटीहून अधिक. पाळी सुटल्यावर फाटकाबाहेरच्या टपरीवर लोंबणाऱ्या पेटत्या सुंभावर विडी शिलगावणाऱ्या कामगाराला हा गुणाकार कोणी सांगितला होता? कामगार संघटनांचे लक्ष वेतनाकडे होते, मालकांचे उत्पादनाकडे. त्याच काळात याच उपनगरांत, पार्ल्याला गोल्डन टोबॅको कंपनीत 'पनामा' सिगारेट आणि अंधेरीला चकाला येथे गॉडफ्रे फिलिप्सच्या सिगारेटी बनत होत्या, हजारो कुटुंबांच्या चुली त्यावर पेटत होत्या, आणि आपल्या लग्नसमारंभांतून पाहुण्यांपुढे सिगारेटचे तबक अगत्याने फिरविले जात होते.

शेजाऱ्याच्या श्वासाचा प्रश्न शास्त्राने हाती घेतला तो यानंतर. १९८१ साली जपानमधील हिरायामा यांनी दाखविले, की स्वतः कधीही धूम्रपान न करणाऱ्या, पण धूम्रपान करणाऱ्या पतीच्या घरात राहणाऱ्या स्त्रियांना फुप्फुसाचा कर्करोग अधिक प्रमाणात होतो. सिगारेट कंपन्यांनी या निष्कर्षावर पुष्कळ धूळ उडविली. परंतु पुढील पुरावा त्याच दिशेने जात राहिला, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात दुसऱ्याच्या धुराला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातले. आता गैरसोयीची भाषा अपुरी ठरली. सहप्रवाशाची संमती हा केवळ शिष्टाचाराचा विषय राहिला नाही.

न्यायालयांनी हे सूत्र उचलले. केरळ उच्च न्यायालयाने १९९९ साली सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्याविरुद्ध निर्णय दिला. त्यानंतर मुंबईचे मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २ नोव्हेंबर २००१ रोजी त्या न्यायालयाने रुग्णालये, शाळा, ग्रंथालये, न्यायालये, सभागृहे आणि रेल्वेसह सर्व सार्वजनिक वाहने येथे धूम्रपानास मनाई केली. धूम्रपान न करणाऱ्याने दुसऱ्याच्या चुकीची शिक्षा का भोगावी, आणि त्याच्या जगण्याच्या हक्काचे काय, असा त्या निर्णयाचा रोख होता. २००३ साली संसदेने तंबाखूविषयीचा नवा कायदा केला, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून, म्हणजे गांधीजयंतीच्या दिवसापासून, नवे नियम अमलात आले. दंड दोनशे रुपयांपर्यंत. १८९० मधील वीस रुपयांच्या मानाने हा दंड किती हलका झाला, याचा हिशेब वाचकांनी करावा.

आता मोटारीकडे येऊ. रिक्षा, टॅक्सी आणि बस ही सार्वजनिक वाहने असल्यामुळे त्यांत धूम्रपानास बंदी आहेच. शिवाय १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील २१ व्या नियमात, चालकाचा परवाना ज्या कृत्यांमुळे काही काळ काढून घेता येतो त्यांची यादी आहे, आणि सार्वजनिक सेवेचे वाहन चालविताना धूम्रपान करणे हे त्या यादीत स्पष्ट शब्दांत नमूद आहे. म्हणजे भांडुप स्टेशनबाहेर रिक्षात बसलेल्या प्रवाशाला चालकास 'विडी विझवा' असे सांगण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि तो अधिकार गेली अनेक वर्षे आहे. तो कोणी वापरीत नाही, ही गोष्ट निराळी. सकाळच्या घाईत रिक्षा मिळाली हेच भाग्य मानणारा प्रवासी वाद घालीत नाही.

खाजगी मोटारीची स्थिती वेगळी आहे. २००३ चा कायदा तिला सार्वजनिक स्थान मानीत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली तेव्हा धोकादायक वाहनचालनाच्या व्याख्येत हातात मोबाइल धरून बोलण्याचा समावेश झाला, सिगारेटचा झाला नाही. दक्ष चालकाकडून अपेक्षित असलेल्या पातळीहून फार खाली गेलेले कोणतेही चालन धोकादायक मानावे, असा एक सामान्य खंड त्यात आहे. पोलिसांनी मनात आणले तर सिगारेट त्यात बसविता येईल, पण तसे मनात आणणे हा त्यांच्या मर्जीचा प्रश्न राहतो. इंग्लंडमध्येही वाहतुकीच्या नियमपुस्तिकेत धूम्रपानाची गणना लक्ष विचलित करणाऱ्या गोष्टींत केली आहे, मात्र सल्ल्याच्या स्वरूपात.

लक्ष विचलित होते, यात शंका कसली? काडी ओढताना दोन्ही हात लागतात, राख झाडताना नजर रस्त्यावरून हटते, आणि पेटता ठिणगा मांडीवर पडला तर पूर्व द्रुतगती मार्गावरील वेगात त्या क्षणाचे काय होईल, हे सांगायला आकडेवारी नको. मुंबईतील रिक्षा-टॅक्सी आता बव्हंशी गॅसवर चालतात, हेही विसरू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक घट्टपणे चिकटतो, म्हणजे ज्या मेंदूने क्षणार्धात ब्रेक दाबण्याचा निर्णय घ्यायचा त्याला प्राणवायू कमी मिळतो. रात्रपाळीचे ट्रकचालक सांगतात, की विडीने झोप उडते. निकोटिनने क्षणभर तरतरी येते हे खरे, पण झोपेची भरपाई झोपेवाचून होत नाही.

तरीही केवळ लक्ष विचलित होते या मुद्द्यावर बंदी आणावी, असे म्हणणे आम्हाला थोडे लंगडे वाटते. तसे तर डबा उघडून वडा खाणाराही विचलित होतोच, आणि मागील आसनावर भांडणारी मुले आई-बापांना सिगारेटपेक्षा कमी विचलित करीत नाहीत. खरा मुद्दा त्या मुलांचाच आहे. बंद काचांची मोटार ही आगगाडीच्या डब्याहूनही लहान पेटी. तिच्यात एक सिगारेट पेटली की धुराचे प्रमाण घरातल्या खोलीच्या कितीतरी पुढे जाते, आणि काच थोडी खाली केल्याने ते पुरते निघून जात नाही. मूल मोठ्या माणसाहून भरभर श्वास घेते. त्याची फुप्फुसे अजून वाढत असतात. दमा आणि कानाचे विकार त्याला लवकर गाठतात. १८९० च्या कायद्याने प्रौढ सहप्रवाशाची संमती विचारली होती. चार वर्षांच्या मुलाने वडिलांना संमती द्यायची तरी कशी, आणि नाकारायची तरी कशी?

याच कारणास्तव दक्षिण ऑस्ट्रेलियाने २००७ साली सोळा वर्षांखालील मूल मोटारीत असताना धूम्रपानास बंदी केली. इंग्लंड व वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०१५ पासून अठरा वर्षांखालील कोणी गाडीत असेल तर धूम्रपान करणाऱ्याला आणि ते चालू देणाऱ्या चालकालाही पन्नास पौंड दंड होऊ शकतो. एकटाच चालक ओढीत असेल तर कायदा त्याच्या वाटेला जात नाही. आम्हाला ही रेषा योग्य ठिकाणी आखलेली वाटते. माणसाच्या स्वतःच्या हितासाठी त्याच्यावर किती सक्ती करावी, याविषयी प्रामाणिक मतभेद होऊ शकतात. जो बोलू शकत नाही त्याच्या श्वासाविषयी होऊ शकत नाहीत. आपल्याकडेही कायद्यात ही दुरुस्ती व्हावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र दंडाची पावती फाडण्याचा अधिकार चौकातल्या हवालदाराला देताना त्याचे पुढे काय होते, हे मुंबईकरांना सांगणे नलगे. परवान्याच्या परीक्षेतच हा नियम आला आणि शाळांतून मुलांना तो कळला तर अधिक काम होईल. वडिलांना 'पप्पा, आता नको' म्हणणारे मूल कोणत्याही हवालदाराहून जागरूक असते.

या चर्चेत एका वर्गाचा उल्लेख टाळणे अन्यायाचे होईल. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये निपाणीला तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्ग रोखून धरला. व्यापारी ठरवतील तो भाव घेऊन वर्षानुवर्षे नाडल्या गेलेल्या या शेतकऱ्यांची मागणी रास्त भावाची होती. ६ एप्रिल रोजी पोलिसांनी गोळीबार केला आणि बारा शेतकरी मरण पावले. त्याच निपाणीत, तसेच सोलापूरला आणि सिन्नरला, हजारो स्त्रिया तंबाखूच्या खकाण्यात बसून विड्या वळून संसार चालवीत आल्या आहेत. १९६६ साली त्यांच्यासाठी कायदा झाला, १९७६ साली कल्याणनिधी झाला. सोलापूरजवळ कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार स्त्रियांची दहा हजार घरांची वसाहतही उभी राहिली. या स्त्रियांनी कधी विडी ओढली नसेल, तरी धुळीने त्यांच्या छातीत खोकला घर करून राहतो. विडीचा खप घटावा असे म्हणणाऱ्याने या हातांना दुसरे काम कोणते, हेही त्याच श्वासात सांगितले पाहिजे. आम्ही ते पूर्णपणे सांगू शकत नाही. परंतु मोटारीत मुलांसमोर न ओढलेल्या सिगारेटींनी त्यांची चूल विझणार नाही, एवढे निश्चित.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी ३.८ टक्के लोक धूम्रपान करतात, तर धूरविरहित तंबाखू, म्हणजे खैनी, गुटखा, मिसरी इत्यादी वापरणारे २४.४ टक्के आहेत. गुटख्यावर राज्याने २०१२ साली बंदी घातली, आणि तो कोठे मिळतो हे शाळकरी मुलेही सांगतील. भांडुपच्या रिक्षातळावरही विडी शिलगावणाऱ्यांपेक्षा तळहातावर चुना मळणारेच अधिक दिसतील. तेव्हा मोटारीतील धुराचा कायदा म्हणजे तंबाखूच्या प्रश्नाचे उत्तर, असा भ्रम कोणी बाळगू नये. तो एका लहान पेटीपुरता, एका लहान सहप्रवाशापुरता कायदा असेल. सेव्हिलची आज्ञाही एका धर्मप्रांतापुरतीच होती; आणि व्हॅटिकनने आपल्या बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपान बंद केले ते त्यानंतर साडेतीनशेहून अधिक वर्षांनी, १ जुलै २००२ रोजी. तेथे कर्मचाऱ्यांना सवलतीत मिळणाऱ्या सिगारेटींची विक्री २०१८ पासून थांबविण्याचा निर्णय पोप फ्रान्सिस यांनी घेतला, तेव्हा व्हॅटिकनला एका चांगल्या उत्पन्नावर पाणी सोडावे लागले.

आपल्या धर्मग्रामांतून लग्नाच्या, नातलगांच्या भेटीच्या आणि माउंट मेरी किंवा वसईच्या यात्रेच्या निमित्ताने भाड्याच्या गाड्या निघतात. एका गाडीत आजी-आजोबा, तान्ही मुले आणि चालक असे आठ-दहाजण कोंबलेले असतात. अशी गाडी ठरवितानाच, भाड्याच्या रकमेबरोबर, चालकाने वाटेत धूम्रपान करायचे नाही ही अट घालता येते. भाड्याची गाडी सार्वजनिक वाहन असल्यामुळे नियम त्या अटीच्या बाजूनेच आहे. घरातील कोणाला व्यसन सोडायचे असेल तर १८००-११-२३५६ या विनामूल्य क्रमांकावर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेकडून मदत मिळते.